मोटारीतील नाद आणि त्याची जुळवणी



मोटारीत बसून गाणे ऐकणे आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही अडचण असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हा इंजिनाच्या घरघरीतून शब्द ऐकू यावेत एवढीच अपेक्षा होती. आज श्रोत्याला गायक समोर, मधोमध बसलेला हवा असतो. त्याच्या एका बाजूस तबला आणि दुसऱ्या बाजूस संवादिनी हवी असते. आणि नेमके हेच मोटारीत साधत नाही.

का साधत नाही ते पाहू. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानापासून समजा ९० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दारातला १४० सेंटिमीटरवर. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. म्हणजे डावीकडचा नाद उजवीकडच्यापेक्षा सुमारे दीड सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. हा अवधी क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या दोन कानांमध्ये ध्वनी पोहोचण्यातला जास्तीत जास्त फरकच मुळी एका सहस्रांश सेकंदाहून कमी असतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली ही गोष्ट विशद केली होती. पुढे १९४९ साली गॉटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी दाखवले की, तोच नाद दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर कान पहिल्याचीच दिशा खरी मानतो. त्यामुळे मोटारीतला गायक उजव्या दारात अडकून बसतो. शिवाय अर्ध्या मीटरच्या या फरकामुळे ३४३ हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट येतात आणि परस्परांना मारतात. हा पट्टा मानवी आवाजाचाच आहे. गायक एका बाजूला तर जातोच, पण दुबळाही होतो.

येथे अंकीय संकेत-संस्करण करणारे यंत्र, म्हणजे ‘डिजिटल सिग्नल प्रोसेसर’, कामास येते. ते ध्वनीचे सेकंदाला, उदाहरणार्थ, ४८,००० वेळा मोजमाप करून त्याचे आकडे करते. आता जवळच्या उजव्या स्पीकरकडे जाणारे आकडे जरा थोपवून धरले की झाले. दीड सहस्रांश सेकंद म्हणजे अवघे ७० आकडे! तेवढे स्मरणकोशात रांगेने उभे केले की उजवा स्पीकर जणू अर्धा मीटर मागे सरकतो आणि गायक दारातून उठून समोर येऊन बसतो. प्रथम अनुभवणाऱ्याला ही जादूच वाटते.

अनुवादक या नात्याने येथे एका शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘ट्यूनिंग’साठी आपण सहज ‘सूर लावणे’ म्हणू. पण तंबोरा लावताना आपण वाद्य जुळवतो. येथे वाद्याला हात लावावयाचा नसतो. ऐकणाऱ्याचे स्थान जुळवावयाचे असते. म्हणून मी ‘जुळवणी’ हा साधा शब्द पत्करला.

जुळवणीला क्रम आहे. प्रथम प्रत्येक स्पीकरला त्याच्या कुवतीचा पट्टा वाटून द्यावयाचा. ही वाटणी होण्यापूर्वी तार सप्तकाच्या नाजूक स्पीकरमध्ये खर्जाचा नाद सोडला, तर तो क्षणात जळू शकतो. वाटणीसाठी सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७६ साली सुचवलेली गाळणी बहुधा वापरतात. सीमेवर दोन्ही बाजू ६ डेसिबेलने उतरलेल्या असतात व त्यांची बेरीज सपाट येते. सीमेपलीकडे उतार दर सप्तकामागे २४ डेसिबेलचा. मग फीत घेऊन अंतरे मोजावयाची, विलंब द्यावयाचे, नंतर आवाजाची पातळी, आणि अगदी शेवटी, डोक्याच्या जागी मायक्रोफोन धरून, निरनिराळ्या कंप्रतांची उंची-खोली दुरुस्त करावयाची.

बहुतेकांची चूक या शेवटच्या पायरीवर होते. आलेखात खड्डा दिसला की तो भरण्याचा मोह होतो. पण तो खड्डा दोन लहरी परस्परांना मारत असल्यामुळे पडला असेल, तर दोन्ही सारख्याच वाढवून काय होणार? १० डेसिबेल वाढ म्हणजे ॲम्प्लिफायरवर दहापट शक्तीचा बोजा. खड्डा मात्र जिथल्या तिथे. माझ्या मते जुळवणी करणाराने उंचवटे उतरवावेत आणि खड्ड्याचे कारण शोधावे.

हे मी अनुभवाने शिकलो. एका स्नेह्याच्या गाडीत आम्ही अख्खी दुपार आकड्यांशी झुंजत होतो. आलेख बराचसा सपाट झाला, तरी गायक काही एका जागी ठरेना; खर्ज तर कागदासारखा पातळ. अखेर डाव्या दाराचे आवरण काढले, तेव्हा स्पीकरच्या दोन तारा बसवणाऱ्याने उलट जोडलेल्या आढळल्या. उजवा पडदा पुढे येई तेव्हा डावा मागे जाई. तारा बदलल्या, आधी दिलेल्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक पुसून टाकल्या, आणि दुपारभर न साधलेले पाच मिनिटांत साधले.

खर्जाविषयी थोडे. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे गाडीच्या अंतर्भागाहून कितीतरी अधिक. इतका खालचा नाद तेथे लहर म्हणून फारसा वावरत नाही. कोंडलेल्या हवेचा दाबच एकदम चढतो-उतरतो. त्यामुळे बंद गाडीत खर्ज आपोआप फुगतो. पण गाडी धावू लागली की टायरांची घरघर त्यातला बराचसा झाकून टाकते. उभ्या गाडीत खर्ज किंचित जास्त ठेवावा लागतो तो यासाठीच.

आता एक प्रश्न उरतो, तो तांत्रिक नाही. उजव्या स्पीकरला दिलेला विलंब चालकासाठी आहे. डावीकडे बसलेल्याला तो स्पीकर मुळातच अर्धा मीटर दूर. त्यात आपण आणखी अर्धा मीटर घातला. त्याच्या दृष्टीने गायक आता डाव्या दारात आधीपेक्षा पक्का अडकला. त्या दुपारनंतर माझे स्नेही आपल्या आईला घेऊन निघाले, तेव्हा दोन मिनिटांतच तिने विचारले, “सगळे गाणे माझ्याच कानाशी का रे ओरडते आहे?” दोन्ही आसनांना एकाच वेळी न्याय देणारा विलंब दोन स्पीकरांत सापडत नाही. समोर मध्यभागी तिसरा स्पीकर बसवला तर बरेच निभावते. पण त्यांच्या गाडीत तशी जागा नव्हती. यंत्रात दोन जुळवण्या साठवता येत होत्या. पहिली एकट्याने जाण्यासाठी ठेवली. दुसरीत विलंब काढून टाकला व दोन्ही बाजूंची पातळी सारखी केली. ती कोणालाच पूर्ण रुचत नाही, पण कोणाच्या कानाशी ओरडतही नाही. आई गाडीत असली की ते दुसरी लावतात.