पडद्यावरील पुस्तक आणि कपाटातील पुस्तक



छापील पुस्तक बरे की पडद्यावरील, हा वाद शहरांतून आवडीनिवडीच्या अंगाने चालतो. कोणास कागदाचा वास प्रिय, तर कोणास खिशात शेकडो ग्रंथ बाळगण्याची सोय प्रिय. सूर्या नदीकाठच्या मासवणसारख्या गावी हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. येथे पडदा म्हणजे पुष्कळदा घरातील एकुलता एक मोबाईल. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो व रात्री परत येतो, तोवर मुलाचे डोळे मिटू लागलेले असतात. शिवाय दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात. त्यांच्या बोचक्यात पाठ्यपुस्तक सहज मावते, आणि ते उघडण्यास वीज लागत नाही की रेंज लागत नाही.

तथापि पडद्यास कमी लेखणे न्यायाचे होणार नाही. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेविली आहेत. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाईल असलेल्या घरी त्यांचा उपयोग झाला. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड विकत घेणे किती प्राथमिक शाळांना परवडेल? त्यातील नोंदी आज शिक्षकास घरबसल्या वाचता येतात. अधू दृष्टीच्या मुलास अक्षर हवे तेवढे मोठे करून दाखविता येते. शोधण्याचे व दूरवर पोचविण्याचे काम पडद्याइतके चांगले कागदाच्याने होणार नाही.

समजून वाचण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५४ संशोधनांतील सुमारे १,७१,००० वाचकांची एकत्र तुलना केली गेली. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजला, असे त्यात आढळले; वेळेचे बंधन असता हा फरक वाढला. निव्वळ कथांच्या बाबतीत तो दिसला नाही. वर्गात याचा प्रत्यय येतो. ‘डाव्या पानावर, चित्राच्या खाली’ अशी मजकुराची जागा मूल लक्षात ठेवते; सरकत्या पडद्यावर ती जागा राहत नाही. ज्याची घरची बोली वारली आहे, त्या मुलास प्रमाण मराठीतील ओळीवर दोनतीनदा माघारी यावे लागते. अशा मुलास बोट ठेवावयास स्थिर पान हवे.

आता मुख्य मुद्दा. छापील पुस्तकाची थोरवी गाणाऱ्या किती शाळांत ते मुलांच्या हाती आहे? पुष्कळ ठिकाणी गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. (तपासणीच्या दिवशी ती कोरी करकरीत दिसतात, हेही खरे.) कारण आळस नव्हे, भीती होय. पुस्तक हरवले वा फाटले तर साठा नोंदवहीत काय दाखवावे, ही ती भीती. कुलपातील पुस्तकापेक्षा हाती आलेला मोबाईल मुलास जवळचा वाटला, तर दोष मुलाचा नव्हे.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे ग्रामस्थांच्या घरांतून पुस्तके मांडली गेली, आणि येणाराजाणारा ती हाताळू लागला. मासवणला एवढा व्याप नको. वर्गात एक दोरी बांधून तीवर दहाबारा पुस्तके टांगली तरी आरंभ होईल. घरी नेलेल्या पुस्तकांची वही चौथी-पाचवीच्या मुलांनीच ठेवावी. स्थलांतरास निघालेल्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाबरोबर एक गोष्टीचे पुस्तक द्यावे व ते परत येणार नाही असे धरूनच द्यावे.

वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करता येते. त्यात संकोच नसावा. खरा नाश होतो तो बंद कपाटात, बुरशी व वाळवी यांच्यामुळे. पाऊस सरताच सर्व पुस्तकांना ऊन दाखवावे. सुटलेली पाने शिवण्यास कार्यानुभवाचा तास पुरतो. सुई, दोरा व खळ एवढेच साहित्य त्यास लागते.