पिशवीतले लाल औषध



आम्ही कामगार संघटनेची माणसे. आमचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. चुकलो तर इथल्या डॉक्टरांनी खुशाल कान धरावा.

तळोज्याच्या एका कारखान्यात खोकी बांधणारी आमची एक सभासद भगिनी. तिला अंडाशयाचा कर्करोग झाला. उपचारात डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध आले, तेही 'लायपोसोम'मध्ये भरलेले. हा काय प्रकार, म्हणून आम्ही वाचू लागलो.

साधे डॉक्सोरुबिसिन जबर. ते हृदयाचा स्नायूही दुखावते, म्हणून जन्मभरात किती द्यायचे याला मर्यादा. आता लायपोसोम म्हणजे काय? अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनसारखे स्निग्ध रेणू पाण्यात दुहेरी रांगेत उभे राहतात आणि बंद पिशवी तयार होते. इंग्लंडात अलेक बँघम यांनी १९६० नंतरच्या वर्षांत हे दाखवले. औषध या पिशवीत भरायचे. पण नुसती पिशवी रक्तात सोडली, की यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला जकातनाक्यावर गाडी अडवावी तशा धरतात. म्हणून तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे केस लावले. ते भोवती पाण्याचा थर धरतात, पेशींची पकड बसत नाही, आणि पिशवी कित्येक दिवस रक्तात फिरते. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने उभारलेल्या, भिंतींना फटी. सुमारे १०० नॅनोमीटरची पिशवी तिथून आत झिरपते. जेरुसलेमचे गॅबिझोन व बारेनहोल्झ यांनी यावर काम केले. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. २०१२ साली तिथे तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स त्यांनी मागवले. आम्हाला बरे वाटले, खोटे कशाला बोला!

मात्र पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या चाचणीत या रूपाने गाठीवर अधिक काम केले नाही, साध्याइतकेच केले. वाचले ते हृदय.

आणि किंमत कुठे पडते? तळहातांवर. दीर्घकाळ फिरणारे औषध तळहात-तळपायांच्या कातडीतही उतरते. ती लाल होते, सोलते. घर्षण आणि गरम पाणी टाळायचे, जास्त झाले तर पुढचा डोस लांबवायचा किंवा कमी करायचा. खोकी बांधणारीने दोरी धरायची नाही, हे मालकांना कसे पटावे? "ताप नाही, छाती ठीक, मग काम का नाही?" असे त्यांनी विचारले. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी पुढे ठेवली, तिचे हात दाखवले. दोन बैठका झाल्या. तिसरीत तिला नोंदवहीचे काम मिळाले, पगार तोच. लिहिताना पेनाला ती मऊ फडके गुंडाळते.