पहिलीच्या शिक्षकाचे शिक्षण



लहान मुलांना शिकवणे सोपे असते, असा एक समज समाजात रूढ आहे. ज्याला पुष्कळ येते त्याने वरच्या वर्गांना शिकवावे आणि ज्याला थोडे येते त्याने पहिलीला, अशी जणू वाटणीच झालेली असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकाची भाषा समजून घेतो. पहिलीत मात्र शिक्षकालाच मुलाची भाषा समजून घ्यावी लागते.

बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या व्हाइटफील्डमध्ये ह्या विधानाचा प्रत्यय विशेष येतो. म्हैसूर संस्थानाने १८८२ मध्ये दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीप्रधान वसाहत म्हणून हे गाव वसले आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९० नंतर तेथे संगणक-उद्योगाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधण्यासाठी उत्तर कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू आणि पुढे बिहार, बंगाल, ओडिशा येथून मजूर आले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही आली, आणि सरकारी शाळेच्या पहिलीत अनेक घरांच्या भाषा एकत्र नांदू लागल्या.

अशा वर्गात शिक्षिका घागरीचे चित्र दाखवते आणि आत काय आहे असे विचारते. कन्नड मूल ‘नीरु’ म्हणते, तेलुगू मूल ‘नीळ्ळु’, तमिळ मूल ‘तण्णीर’, तर हिंदी बोलणारे मूल ‘पानी’. पुस्तकाच्या दृष्टीने ह्यांतील एकच उत्तर बरोबर आहे. मुलांच्या दृष्टीने चारही. जी शिक्षिका तीन उत्तरे चूक ठरवते, तिच्या वर्गातील तीन मुले दुसऱ्या दिवसापासून गप्प बसतात. जी चारही शब्द फळ्यावर मांडते, तिच्या वर्गात ‘नीरु’ हा शब्द त्या तिघांना संध्याकाळपर्यंत येतो. मुलाचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे, हा पहिलीच्या शिक्षकाला मिळणारा पहिला धडा होय.

दुसरा धडा जमिनीवर बसण्याचा. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये ‘नली-कली’ ह्या पद्धतीचा आरंभ झाला. नली म्हणजे आनंदाने बागडणे, कली म्हणजे शिकणे. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील काम पाहून आलेल्या शिक्षकांनी ती आपल्या वर्गांसाठी घडवली, आणि २००९-१० पासून ती राज्यभरातील सरकारी कन्नड शाळांत लागू झाली. ह्या पद्धतीत खुर्ची, टेबल आणि छडी यांची जागा सतरंजीने घेतली. फळे भिंतीच्या खालच्या भागावर, मुलांचा हात पोचेल असे आले. मुलांनी केलेली चित्रे डोक्यावरच्या दोरीच्या मांडवाला टांगली गेली. मुले गटागटाने बसतात. काहींना शिक्षक मदत करतो, काहींना सोबती, तर काही स्वतःच शिकतात.

ह्या पद्धतीत मुळाक्षरांचा पारंपरिक क्रमही बाजूस ठेवण्यात आला. आरंभी र, ग, स, द, अ ही अक्षरे येतात. एवढ्या पाचांतून ‘अरस’ म्हणजे राजा, ‘गरगस’ म्हणजे करवत आणि ‘सर’ म्हणजे माळ, असे शब्द तयार होतात. मोत्यांचा सर मराठीलाही परका नाही. पन्नास अक्षरे घोकल्यावर केव्हातरी वाचन येईल, असे आश्वासन देण्याऐवजी पाच अक्षरांतच अर्थ हाती लागतो. सुताराच्या मुलाला ‘गरगस’ वाचता वाचता घरची करवत आठवते आणि त्याचा चेहरा उजळतो, तो क्षण शिक्षकाच्या दिवसभराच्या श्रमाचे मोल होय.

तिसरा धडा थांबण्याचा. व्हाइटफीलमधील इमारत पुरी झाली की मजुराचे कुटुंब दुसरीकडे जाते, आणि मूल शाळेतून नाहीसे होते. एका सुरात पुढे जाणाऱ्या वर्गात परतलेल्या मुलाला मागे पडल्याची खूण कपाळी घेऊन बसावे लागते. नली-कलीच्या शिडीवर प्रत्येक मुलाची पायरी वेगळी असते; जेथे सोडले तेथून ते पुन्हा चढू लागते. कलबुर्गीच्या खेड्यात परतलेल्या मुलाला तीच शिडी भेटू शकते. ओडिशाला गेलेल्या मुलाला मात्र ती भेटत नाही, ही उणीव पद्धतीने भरून निघणारी नाही. तेथे पुढचा शिक्षक त्याला काय येते हे आधी विचारील की काय येत नाही हे, यावर सारे अवलंबून असते.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

कोसबाडचे कुरण आणि व्हाइटफील्डची उंच इमारत यांत अंतर पुष्कळ आहे; पण दोन्हीकडील मूल रिकाम्या हातांनी येत नाही. त्याने काय आणले आहे हे पाहण्यासाठी शिक्षकाने रोज थोडा वेळ काढावा, एवढीच अपेक्षा आहे. पहिलीच्या वर्गातील आनंदाचा उगम त्या थोड्या वेळातच असतो.