प्रोग्राम तोच, मग उत्तर वेगळे का?



संगणकाविषयी बोलायचे म्हणून मोठमोठ्या गोष्टी सांगणार नाही. एका मुलीची हकीकत सांगतो. अंबड तालुक्यातील ही मुलगी पायथन शिकते. वर्गाचे गुण फाइलमधून वाचून सरासरी काढणारा प्रोग्राम तिने घरी लिहिला आणि तो दहा वेळा बरोबर चालला. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र तोच प्रोग्राम 'फाइल सापडत नाही' असे सांगून थांबला. घरी वडील म्हणाले, "बेटी, हे आपल्या घरच्यांचे काम नव्हे." त्या वाक्याचे मला फार वाईट वाटले. चूक मुलीच्या बुद्धीची नव्हतीच.

आपल्या आजोबांच्या तोंडी हाली आणि कलदार हे शब्द आपण ऐकले असतील. निजामाच्या अमलात जालन्यात हाली रुपया चाले. शेजारचे देऊळगाव राजा वऱ्हाडात, तेथे इंग्रजी कलदार. सात हाली मोजले की साधारण सहा कलदार मिळत. 'दहा रुपये' हे शब्द दोन्ही बाजारांत तेच, पण त्यांची किंमत बाजार ठरवी. प्रोग्रामच्या ओळींचेही तसेच आहे.

मुलगी घरी पायथनसोबत येणाऱ्या आयडलमध्ये काम करी. तेथे एफ-5 दाबले की आयडल आधी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाते आणि मग तो चालवते. टर्मिनल तसे करीत नाही. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तेथेच ते फाइल शोधते. गुणांची फाइल प्रोग्रामशेजारीच होती, शोध दुसरीकडे चालला होता.

दुसरी गोष्ट अशी, की एका संगणकावर दोन-तीन पायथन असू शकतात. एकात बसवलेले मॉड्यूल दुसऱ्याला ठाऊक नसते. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला, तरी जुन्या यंत्रांवर तो अजून भेटतो. त्यात 7 ला 2 ने भागले तर 3 येतात, पायथन 3 मध्ये 3.5. येथे चुकीचा संदेशसुद्धा येत नाही. गुणपत्रिका गुपचूप चुकते, आणि मला याचीच भीती अधिक वाटते.

आपल्या मुलांना आणखी एक अडचण हमखास येते. नावे उर्दूत किंवा मराठीत असतात. लिनक्सवर फाइल सहसा यूटीएफ-8 धरून वाचली जाते. विंडोजवर पायथनच्या अनेक आवृत्त्या, काही सांगितले नाही तर, जुनी पाश्चात्त्य अक्षरतालिका धरतात. मग नावांच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात, नाहीतर प्रोग्राम मध्येच बंद पडतो. म्हणून फाइल उघडताना 'एन्कोडिंग' यूटीएफ-8 आहे हे स्वतः लिहावे.

विद्यार्थ्यांनो, प्रोग्राम अडला तर आधी दोन गोष्टी छापून पाहा. 'सिस' मॉड्यूलमधील 'एक्झिक्युटेबल' कोणता पायथन चालतो आहे ते सांगते, आणि 'ओएस'मधील 'गेटसीडब्ल्यूडी' तुम्ही कोठे उभे आहात ते सांगते. परीक्षेपूर्वी एकदा तरी टर्मिनलमधून प्रोग्राम चालवा.

त्या मुलीला मी घरीच टर्मिनल उघडायला लावले. परीक्षेतील तीच चूक तिच्या स्वतःच्या संगणकावर दिसली. वडील मागे उभे होते. पडद्यावरचे फोल्डरचे नाव त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "म्हणजे फाइल होती, हा दुसऱ्याच्या घरी जाऊन शोधत होता?"