शाळेची बाग आणि मुलांचे ताट
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपली घराणी पिढ्यान् पिढ्या पैनगंगेच्या या काठाला नांदत आहेत. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगण. राज्ये बदलली, काळी माती तीच राहिली. त्या मातीत आता आपण कापूस आणि सोयाबीन पिकवतो आणि भाजी बाजारातून आणतो. परवा आमच्या मुलाने अंबाडीची जुडी पाहून 'गोंगुरा' म्हटले. तेलुगू त्याला यायलाच हवी. पण अंबाडी हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता. दोष त्याचा नाही. परड्यातली भाजी आम्ही सोडली, तिच्याबरोबर नावही गेले.

आम्ही बँकेतली माणसे, हिशेबाने बोलतो. माध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असा केंद्राचा नियम आहे. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज तीन किलो भाजी लागते. एवढी रोज शाळेच्या वाफ्यांतून निघणार नाही. आठवड्यातून एक दिवस निघाली, तरी मूल स्वतः लावलेली मेथी ताटात टाकून देणार नाही.

ही कल्पना नवी नाही. शेजारच्या वर्धा येथे १९३७ मध्ये गांधीजींनी नयी तालीम मांडली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले बागकाम आणि स्वयंपाक करता करता शिकतात. केंद्राने २०१९ मध्ये शाळांत पोषण बागा करण्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. जागा नसेल तिथे कुंड्याही चालतात.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक मराठी शाळेला कुंपण आणि पाणी मिळावे. स्वयंपाक करणाऱ्या बायांचे मानधन वेळेवर मिळावे. आठवड्यातून एकदा ताटात ज्वारीची भाकरी यावी.

पण अर्ज देऊन घरी बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. मृगाच्या पावसाला शेवग्याच्या फांद्या, अंबाडी-चवळीचे बी घेऊन शाळेत या. आजीबाईंनी मुलांना, मुलग्यांनाही, भाकरी थापायला शिकवावे. हात धुतलेले पाणी वाफ्यात सोडले की सिंचनाचाही प्रश्न थोडा सुटतो.

मराठी शाळा टिकवा, असे आपण दर सभेत म्हणतो. ती टिकायची तर आपले पाय तिच्या अंगणात पडले पाहिजेत.