संगणक बंद होत नाही तेव्हा



मी विलेपार्ल्याहून बोलतेय. पार्ले म्हटलं की तुम्हाला बिस्किटाचा पुडा आठवणार, आणि ते बरोबरच आहे. १९२९ साली इथे कारखाना निघाला, त्यालाच आमच्या गावाचं नाव मिळालं. मी त्याच पार्ल्यात दोन खोल्यांच्या घरात राहते आणि आमच्या बारा जणींच्या बचत गटाचा हिशेब घरच्या संगणकावर लिहिते.

आज त्या संगणकाबद्दलच बोलायचंय. माझा संगणक सुरू व्हायचा झटकन, पण रात्री बंद करायला गेलं की बंदच होत नसे. 'शटिंग डाऊन' अशी अक्षरं यायची, गोल चक्र फिरत राहायचं. कधी पडदा काळा व्हायचा, तरी सीपीयूतला पंखा घरघरत असायचा. घरात सगळे झोपायला टेकलेले, आणि मी त्याच्यापुढे बसलेली. शेवटी कंटाळून मी भिंतीवरचं बटण बंद करायची. दोन महिने हे असंच चाललं.

मग एकदा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी हिशेबाची फाईल उघडेना. प्रत्येकीची बचत, कर्ज, व्याज, सगळं त्या फाईलमध्ये. वही होती, पण संगणक आहे म्हणून सहा आठवडे मी वही लिहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पासबुकं मागवून बसलो. एकीच्या पासबुकात चारशे रुपयांचा हप्ता चढवलेला नव्हता. "ताई, मी भरलेत हो," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. नशीब, त्या दिवशी तिच्याबरोबर आलेल्या दुसरीला आठवलं. हप्ता मान्य झाला. पण चूक माझी, आणि मान खाली घालावी लागली तिला. हे मला फार लागलं.

आमच्या शेजारचा मुलगा संगणकाचं शिकलाय. त्याला दाखवलं तर म्हणाला, "काकू, तुम्ही वीज तोडत होतात तेव्हा तो आत लिहीत होता."

त्याने समजावलं ते असं. आपण टाईप करतो ते सगळं लगेच डिस्कवर उतरत नाही. काही मजकूर संगणक तात्पुरता स्मरणात धरून ठेवतो. शट डाऊन म्हटलं की तो उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला सांगतो, तुझं काम आवर. राहिलेलं डिस्कवर लिहितो, आणि मग वीज बंद करतो. रात्री स्वयंपाकघर आवरतो ना आपण? दूध तापवायचं, भांडी घासायची, गॅस बंद करायचा, मग दिवा. कुणी आधीच दिवा घालवला तर हातातलं भांडं पडणारच. विंडोज ९५ च्या काळात तर बऱ्याच संगणकांवर सगळं आवरून झालं की पडद्यावर सूचना यायची, आता बंद करायला हरकत नाही, आणि मग माणसाने हाताने बटण दाबायचं. आता वीज तो स्वतःच बंद करतो, पण क्रम तोच आहे.

म्हणून संगणक बंद होत नसेल तर भिंतीकडे हात नेऊ नका. कोण अडवतंय ते शोधा. मी सांगते त्या क्रमाने करा, जमल्यास वहीत लिहून घ्या.

पहिलं, थांबा. पडद्यावर अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका, असं लिहिलं असेल तर अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. सीपीयूवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, असं समजा.

दुसरं, पडद्यावरचं वाचा. कधी संगणक स्वतःच सांगतो, हा प्रोग्राम उघडा आहे म्हणून थांबलोय. खाली दोन बटणं असतात, 'शट डाऊन एनीवे', म्हणजे तरीही बंद कर, आणि 'कॅन्सल'. घाईने पहिलं दाबू नका. कॅन्सल करा, ती फाईल सेव्ह करा, प्रोग्राम बंद करा आणि मग पुन्हा शट डाऊन करा.

तिसरं, एखादा प्रोग्राम अडकून बसला असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. ज्याच्यापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिलंय, त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' करा. त्याआधी बाकीचं काम सेव्ह करा, आणि जे नाव ओळखीचं नाही त्याला हात लावू नका.

चौथं, प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह बघा. प्रिंटरमध्ये अर्धवट अडकलेली छपाई असेल तर ती रद्द करा. मग या वस्तू नीट काढून ठेवून शट डाऊन करून बघा. बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू लावा. जिच्यामुळे पुन्हा अडतं, ती सापडली.

पाचवं, माझ्या संगणकाचं दुखणं इथे निघालं. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तीत संगणक पूर्ण बंद होत नाही, सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून थोडं काम डिस्कवर साठवून ठेवतो. काही संगणकांना हे मानवत नाही. आधी खात्री करा. शिफ्ट बटण दाबून धरा आणि तसंच शट डाऊनवर क्लिक करा. त्या वेळेपुरता तो पूर्ण बंद होतो. असा नीट बंद झाला, तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. तिथे पॉवरच्या बटणांनी काय करायचं ते निवडण्याची ओळ डावीकडे आहे, ती उघडा. वर 'चेंज सेटिंग्ज' ने सुरू होणारी निळी ओळ दिसेल, तिच्यावर क्लिक करा. मग खाली फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढा आणि सेव्ह करा. सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच.

यातलं काहीच चाललं नाही, तर शेवटचा उपाय. संगणकाचंच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पुढच्या वेळी सुरू करताना तो डिस्क तपासायला लागला तर तपासू द्या, मध्ये तोडू नका. हा उपाय रोजचा करू नका. रोज करावा लागत असेल तर दुरुस्तीला द्या, पण त्याआधी हिशेबाची प्रत काढून घ्या.

आणि एक सावधगिरी. कधी पडदा अडकतो, भोंगा वाजतो आणि लिहून येतं, तुमचा संगणक बिघडलाय, या नंबरवर फोन करा. फोन करू नका. ती फसवणूक असते. टास्क मॅनेजर उघडून ते पान बंद करा. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

तुमच्याकडे वीज जाते, तेव्हा यूपीएस असेल तर ती पाच-दहा मिनिटं काम पुरं करण्यासाठी नाहीत, सेव्ह करून बंद करण्यासाठी आहेत.

आता मी काय करते सांगते. हप्ता आला की आधी वहीत आणि तिच्या पासबुकात लिहिते, मग संगणकात. महिन्याच्या शेवटी पेन ड्राइव्हवर प्रत काढते आणि ती दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवते. आणि आमची ती चारशे रुपयांवाली मैत्रीण पैसे दिले की उठत नाही. पडद्याकडे बघते आणि विचारते, "ताई, सेव्ह केलंत ना?" मी तिला फाईल पुन्हा उघडून दाखवते, आणि मगच ती जाते.

तुमच्या गटातही असं विचारणारी एक तरी असू द्या. नमस्कार.