एक बग, दोन कॉप्या: लिनक्स कर्नलमधल्या सॉकेटची गोष्ट

आज कोडबद्दल बोलायचंय, पण लॅपटॉप उघडायची गरज नाही. बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, तरी चालेल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. एका प्रोजेक्टमध्ये तारखेच्या हिशोबातला एक बग मी दुरुस्त केला, टिकीट बंद केलं आणि खूश होऊन घरी गेले. महिन्याभरात तोच बग दुसऱ्या स्क्रीनवर हजर. शोधलं तर काय, तोच कोड कुणीतरी दुसऱ्या फाइलमध्ये जसाच्या तसा चिकटवला होता. कुणीतरी म्हणजे मीच, सहा महिन्यांपूर्वी.

तेव्हा वाटलं, असले उद्योग आपल्यासारखेच करतात, मोठी माणसं करत नसतील. मग लिनक्स कर्नलमधली ही गोष्ट वाचनात आली.

आधी थोडी ओळख. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. ॲपला इंटरनेटवर बोलायचं असलं की ते कर्नलकडे एक सॉकेट मागतं. या सॉकेटला बरीच सेटिंग्ज असतात: बफर किती मोठा, कनेक्शन जिवंत आहे का हे तपासत राहायचं का, वगैरे. ही सेटिंग्ज बदलायची विनंती म्हणजे सेटसॉकऑप्ट. ही झाली जुनी वाट.

दुसरी वाट आली बीपीएफमुळे. बीपीएफ म्हणजे आधी तपासून घेतलेले छोटे प्रोग्रॅम थेट कर्नलच्या आत चालवायची सोय. २०१७ मध्ये, लिनक्स ४.१३ मध्ये, या प्रोग्रॅमनाही सॉकेटची सेटिंग्ज बदलायची मुभा मिळाली. कशी? मूळ फंक्शनमधला हवा तेवढा कोड उचलून बीपीएफच्या फाइलमध्ये ठेवला. हो, कॉपी-पेस्ट. पुढे एकेक सेटिंग वाढत गेलं, तसा हा कोडही वाढत गेला.

आता गंमत बघा. सॉकेटवर एक खूण लावता येते, मार्क. पॅकेट कुठल्या वाटेने जाणार हे त्या खुणेवरून ठरवता येतं. अँड्रॉइडमध्ये वायफाय की मोबाइल डेटा, हे निवडायलाही ही खूण वापरतात. पण सॉकेट जुनी वाट लक्षात ठेवतो. खूण बदलली तर ती जुनी वाट विसरायला हवी, नाहीतर पॅकेट जुन्याच रस्त्याने जात राहणार. मूळ कोडमध्ये ही दुरुस्ती २०१८ च्या अखेरीस झाली. कॉपीत ती वेगळा पॅच पाठवून २०१९ च्या सुरुवातीला करावी लागली.

ते निदान लवकर निभावलं. बफरचं ऐका. तुम्ही जेवढा बफर मागता, त्याच्या दुप्पट आकडा कर्नल धरतो, कारण स्वतःच्या नोंदींनाही जागा लागते. पण १०७ कोटींच्या पुढचा आकडा दुप्पट केला, की तो इंटिजरमध्ये मावत नाही आणि उलटून उणे होतो. मग कर्नल म्हणतो, हा तर किमान मर्यादेच्याही खाली आहे, घ्या किमान बफर. मागितला हौद, मिळाला तांब्या! सिस्टिमची कमाल मर्यादा फारच वर नेलेली असेल तरच असं व्हायचं, पण चूक ती चूकच. मूळ कोडमध्ये ती फेब्रुवारी २०१९ मध्ये सुधारली. कॉपीत? जानेवारी २०२२. जवळपास तीन वर्षं.

तुम्ही म्हणाल, मग बीपीएफने सरळ मूळ फंक्शनलाच का नाही बोलावलं? मलाही आधी हेच वाटलं होतं. पण अडचणी खऱ्या होत्या.

पहिली, डेटा कुठून येतो. ॲपचा डेटा युजरच्या मेमरीत असतो, बीपीएफचा कर्नलच्याच. दोन्ही वाचायच्या पद्धती वेगळ्या. यावर २०२० मध्ये, लिनक्स ५.९ मध्ये उपाय निघाला: असा पॉइंटर, जो आपण कुठल्या बाजूचे हे स्वतःच सांगतो.

दुसरी, लॉक. मूळ फंक्शन आधी सॉकेटला लॉक लावतं. बीपीएफ प्रोग्रॅम मात्र बऱ्याचदा लॉक लागलेला असतानाच चालतो. म्हणजे न्हाणीघरात आतून कडी लावायची आणि आतच उभं राहून म्हणायचं, 'आतला माणूस बाहेर आला की मी जाते.' जन्मभर थांबा!

तिसरी, परवानगी. काही सेटिंग्जसाठी मूळ कोड चालू प्रोसेसला विचारतो, तुला अधिकार आहे का? पण पॅकेट आल्यावर बीपीएफ चालतं तेव्हा सीपीयूवर कुठली प्रोसेस असेल याचा नेम नाही. तिचा या कामाशी संबंधही नसेल. बीपीएफ प्रोग्रॅमचे अधिकार तर तो लोड करतानाच तपासलेले असतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पॅचमालिकेने नेमकं इथेच बोट ठेवलं. लॉक आणि परवानगी यांच्यासाठी छोटी फंक्शन्स काढली. ती फक्त एवढंच बघतात: आपण बीपीएफमधून आलोय का? असलो तर ती पायरी सोडा, नसलो तर नेहमीसारखं करा. बाकी सगळा कोड एकच. बीपीएफच्या बाजूला उरली मुख्यतः परवानगी असलेल्या सेटिंग्जची यादी, म्हणजे दारावरचा पहारेकरी. खरं काम मूळ फंक्शन करतं. हे बदल डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये आले.

मला यातून काय मिळालं? कॉपी करणारा मूर्ख नसतो. त्या दिवशी त्याच्याकडे कारण असतं. दोन कॉप्या दिसल्या की आपला हात लगेच डिलीटकडे जातो. त्याआधी विचारा, यांच्यात खरा फरक काय आहे? इथे पाच वर्षांचा पसारा होता, पण मुद्द्याचे फरक मोजून तीन. त्यांना नाव दिलं, बाजूला काढलं, आणि मग कोड एक करता आला.

माझ्या त्या तारखेच्या कोडचंही तसंच निघालं. फरक एकच होता, टाइमझोनचा. तो पॅरामीटर केला आणि एक अख्खी फाइल उडवली. त्या रात्री झोप छान लागली.

तुमच्या कोडमध्ये अशी एखादी जुळी भावंडं असतीलच. या आठवड्यात शोधा, फरक लिहून काढा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!